फोगो बेट: महागडी रात्र आणि तिचा यजमान

लक्झरी प्रवासाच्या माहितीपत्रकांत हल्ली तलम चादरी आणि खोलीतून दिसणारा समुद्र यांच्या जोडीला 'स्थानिकांची भेट' हमखास असते. मच्छीमारासोबत पहाट, विणकराच्या मागापाशी तासभर, कुणाच्या तरी आजीच्या हातचं जेवण. पाहुण्याची ओढ खरी असते. जग पाहून झालेल्या माणसाला माणसं भेटावीशी वाटतात, त्यात वावगं काही नाही. अडचण दुसऱ्या बाजूला आहे. विणकराला त्या तासाचे ठरलेले पैसे मिळतात, हॉटेल दूरच्या गुंतवणूकदाराचं असतं, कार्यक्रम एजंटाने आखलेला असतो आणि तीच गोष्ट रोज सांगून विणकराच्या बोलण्यातला जीव निघून जातो. पाहुण्यालाही ते जाणवतं. तो नम्रपणे फोटो काढतो आणि पुढच्या ठिकाणी जातो.

इथे तपासायचा प्रश्न असा: एका रात्रीसाठी दोन हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त मोजणारा पाहुणा आणि पिढ्यानपिढ्या मासे धरत आलेल्या घरातला माणूस यांची भेट बरोबरीने होऊ शकते का? कॅनडातल्या फोगो बेटावरच्या 'फोगो आयलंड इन' या हॉटेलने या प्रश्नाला २०१३पासून एक उत्तर दिलं आहे, आणि त्याचा हिशोबही उघडपणे मांडला आहे. भेटीचा खरेपणा कार्यक्रम किती सुबक आखला आहे यावर ठरत नाही, यजमानाच्या हातात काय आहे यावर ठरतो, असं माझं मत आहे. फोगोवर ते जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

बेट आणि कॉड

फोगो हे कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळचं, उत्तर अटलांटिकमधलं खडकाळ बेट. साधारण २५ किलोमीटर लांब, १४ किलोमीटर रुंद. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या २,११७. गँडरच्या विमानतळावर उतरायचं, तासाभराहून जास्त गाडीने फेअरवेलच्या धक्क्यावर जायचं आणि तिथून फेरी बोट पकडायची. वारा चढला किंवा समुद्रात बर्फ साचला की फेरी थांबते, आणि तेव्हा पैसेवाला पाहुणा आणि किराणा घेऊन परतणारा बेटकरी एकाच धक्क्यावर एकत्र वाट बघतात. पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्यांनी तिच्या चार कोपऱ्यांपैकी एक म्हणून जो ब्रिमस्टोन हेड नावाचा कडा निवडला, तो याच बेटावर आहे.

इंग्लंड आणि आयर्लंडहून आलेली कुटुंबं इथे शेकडो वर्षं कॉड माशावर जगली. उन्हाळ्यात मासा धरायचा, चिरायचा, मीठ लावून फळ्यांच्या मांडवांवर वाळवायचा आणि व्यापाऱ्याला द्यायचा. बदल्यात पीठ, साखर, दोर, जाळी. रोख पैसा फारसा हातात येतच नसे. भाव व्यापारी ठरवायचा आणि उधारीची वहीही त्याच्याकडेच. हे लक्षात ठेवायला हवं, कारण बाहेरून येणाऱ्या श्रीमंत माणसाशी व्यवहार कसा होतो याची फोगोकरांची आठवण त्या वहीपासून सुरू होते.

१९५० आणि ६०च्या दशकांत युरोपातून कारखान्याएवढे ट्रॉलर, म्हणजे प्रचंड जाळं ओढत मासे धरणाऱ्या बोटी, येऊ लागले. १९६८ साली या पट्ट्यातून आठ लाख टनांहून जास्त कॉड उपसला गेला. १९७७मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या अखत्यारीत घेतला, परदेशी बोटी मागे हटल्या आणि त्यांच्या जागी देशातलेच ट्रॉलर आले. किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासे धरणारे सांगत होते की मासा कमी होतोय आणि लहानही होतोय. सरकारी आकडे बराच काळ वेगळं सांगत राहिले. मेमोरियल विद्यापीठाचे माजी अध्यक्ष लेस्ली हॅरिस यांच्या समितीने १९९०मध्ये साठ्याचे अंदाज फुगवलेले असल्याचं दाखवलं. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरेकडच्या कॉडच्या व्यापारी मासेमारीवर बंदी जाहीर केली. सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. बंदी दोन वर्षांची म्हणून लावली होती, ती २०२४पर्यंत चालली.

आधीची एक शिकवण

फोगोवर याआधीही एकदा बेट रिकामं करायची वेळ आली होती. १९४९मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं. त्यानंतर लहान, दूरच्या वस्त्या उठवून लोकांना मोठ्या गावांत हलवण्याच्या सरकारी योजना आल्या आणि शेकडो वस्त्या ओस पडल्या. साठच्या दशकाच्या मध्यात फोगोवरही तोच दबाव होता. बेटावरच्या वस्त्या पंथांनुसार विभागलेल्या. कॅथलिक एकीकडे, वेगवेगळे प्रोटेस्टंट दुसरीकडे. एकत्र बसून काही ठरवायची सवय नव्हती.

१९६७मध्ये मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाने आणि कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने इथे छोटे माहितीपट करायला घेतले. दिग्दर्शक होते कॉलिन लो. संख्या २७ झाली, पण महत्त्वाची ठरली ती पद्धत. ज्याचं चित्रीकरण झालं त्याला ते आधी दाखवायचं, आणि त्याला नको असलेला भाग काढून टाकायचा. मग तेच माहितीपट वस्तीवस्तीत पडदा लावून दाखवायचे. 'जो बट्स आर्म' नावाच्या वस्तीतल्या माणसाने टिल्टिंग या दुसऱ्या वस्तीतल्या माणसाला पडद्यावर आपलीच तक्रार करताना पाहिलं. प्रांतातल्या मंत्र्यांनाही हे माहितीपट दाखवले आणि त्यांची उत्तरं कॅमेऱ्यासमोर घेऊन परत बेटावर आणली. त्याच काळात फोगोची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली, मोठ्या होड्या बांधण्याचं काम सुरू झालं आणि बेट उठलं नाही. पुढे कॉडबंदीनंतर याच सहकारी संस्थेने खेकडा आणि कोळंबीवर तग धरला.

प्रवासाच्या प्रकरणात या इतिहासावर मी इतका थांबतो, कारण 'स्थानिक भेट' या सगळ्या कल्पनेतला नाजूक भाग इथेच आहे. बाहेरचा माणूस येतो, बघतो, सांगतो. ज्याला बघितलं जातं त्याला काय दाखवायचं ते ठरवायचा अधिकार असेल तर त्या बघण्याने तो लहान होत नाही. पाहुण्यांसाठी पहिली खोली उघडण्याच्या साडेचार दशकं आधी फोगोकरांनी हा अधिकार एकदा वापरून पाहिला होता.

शिष्यवृत्तीच्या सभेतला प्रश्न

इन ज्यांच्या पुढाकाराने उभं राहिलं त्या झिटा कॉब यांचा जन्म 'जो बट्स आर्म'मधल्या मच्छीमाराच्या घरात १९५८ साली झाला. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. परदेशी ट्रॉलरांनी समुद्र उपसला तेव्हा त्यांच्या घरालाही बेट सोडावं लागलं. पुढे त्या फायबर ऑप्टिक्समधल्या जेडीएस कंपनीत अर्थविभागाच्या प्रमुख झाल्या. कंपनी वाढली, शेअर वाढले आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला मोठी संपत्ती घेऊन त्या नोकरीतून बाहेर पडल्या.

बेटासाठी त्यांनी आधी केलं ते बहुतेक श्रीमंत गावकरी करतात तेच: मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. एका सभेत एक बाई उठून म्हणाली की तुम्ही आमच्या मुलांना बेट सोडायचे पैसे देताय, इथे काम उभं करता येईल का ते सांगा. कॉब हा प्रसंग जाहीरपणे अनेकदा सांगतात. संपूर्ण प्रकरणाचा कणा त्या बाईच्या प्रश्नात आहे. तिने देणगीची दिशा फिरवली.

कॉब आणि त्यांच्या भावांनी 'शोरफास्ट' ही धर्मादाय संस्था स्थापन केली. स्वतःचे कोट्यवधी डॉलर घातले, केंद्र आणि प्रांत सरकारांकडूनही पैसा आला. बेटाकडे आधीच काय आहे, या प्रश्नावरून काम सुरू झालं. लाकडी होड्या बांधणारे हात होते. हिवाळ्यात गोधड्या शिवणाऱ्या बाया होत्या. अनोळखी माणूस दारात आला तर त्याला आत बोलावून चहा पाजायची रीत होती. ही रीत हीच संपत्ती, असं मानून त्यावर धंदा उभा करायचं ठरलं. पण घाई झाली नाही. पाहुण्यांच्या आधी कलावंत आले. चित्रकार, लेखक यांना काही महिने राहून काम करता यावं म्हणून वास्तुविशारद टॉड सॉन्डर्स यांनी खडकांवर स्टुडिओ बांधले. त्यातला पहिला, लाँग स्टुडिओ, २०१०मध्ये पूर्ण झाला. बेटाला पाहुण्यांची आणि पाहुण्यांना बेटाची सवय अशी हळूहळू झाली.

२९ खोल्या

सॉन्डर्स गँडरचेच, काम करतात नॉर्वेतल्या बर्गनमध्ये. त्यांनी बांधलेली इनची इमारत लांबट, चार मजली आणि पांढरी आहे. तिचं एक टोक खांबांवर तोललेलं आहे. फोगोवरची मासे साफ करण्याची लाकडी घरंही अशीच खडकांवर खांब रोवून उभी असतात, कारण तिथे खोदायला माती नाही आणि खडक फोडायची कुणाला गरज वाटली नाही. खोल्या फक्त २९, आणि प्रत्येकीला जमिनीपासून छतापर्यंत समुद्राकडे उघडणारी काच.

आतल्या वस्तूंत खरी कमाल आहे. हॉटेलसाठी तयार फर्निचर मागवणं सोपं होतं. त्याऐवजी परदेशी आणि कॅनेडियन डिझायनर बेटावर आले, तिथल्या होडी बांधणाऱ्यांसोबत आणि गोधड्या शिवणाऱ्यांसोबत बसले आणि दोघांच्या हातून वस्तू तयार झाल्या. डिझायनर एलेन फोर्टिन यांची पंट खुर्ची 'पंट' या तिथल्या लहान होडीच्या बांधणीतून आली आहे. होडीचं लाकूड वाकवणारा सुतार खुर्चीची पाठ वाकवू शकतो, हे दोघांनाही तेव्हाच कळलं असणार. पलंगांवरच्या गोधड्या बेटावरच शिवल्या जातात. आज हे फर्निचर आणि गोधड्या बेटाबाहेरही विकल्या जातात, म्हणजे पाहुणा निघून गेला तरी कारागिराचं काम संपत नाही. कारागिराची ओळख करून देण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही: त्याची कला दाखवायला मांडण्यापेक्षा ती वापरात आणा आणि तिची किंमत मोजा.

इमारतीत कलादालन आहे, लहान चित्रपटगृह आहे आणि न्यूफाउंडलंडविषयीचं ग्रंथालय आहे. ग्रंथालयाला नाव लेस्ली हॅरिस यांचं, ज्यांच्या समितीने कॉडच्या साठ्याचं खरं चित्र मांडलं होतं त्यांचंच. या जागा बेटकऱ्यांनाही खुल्या आहेत. पाहुणा दालनात येतो तेव्हा तिथे आधीच गावातलं कुणी असू शकतं, आणि मग कुणी ओळख करून द्यायची गरज उरत नाही.

अर्धा दिवस, एक माणूस

इनमध्ये उतरलेल्या पाहुण्याला एक बेटकरी यजमान मिळतो. हे यजमान बेटावरचीच माणसं. पहिल्या अर्ध्या दिवसात ते पाहुण्याला आपल्या बेटावर फिरवतात. टिल्टिंगमधली आयरिश वळणाची लाकडी कुंपणं, बटाटे आणि कंद हिवाळाभर टिकावेत म्हणून जमिनीत केलेली तळघरं, वाऱ्याला पाठ देऊन बांधलेली घरं, दफनभूमी, धक्का. आपण जिथे वाढलो ते दाखवणाऱ्या माणसाचं बोलणं पाठ केलेल्या माहितीपेक्षा वेगळं होतं. त्याच्या नात्यातलं कुणी अमुक खाडीत बुडालेलं असतं, त्याचा भाऊ कामासाठी दूर गेलेला असतो. प्रश्न विचारणारा फक्त पाहुणा राहत नाही. यजमानही विचारतो, तुमच्याकडे काय चालतं, मुलं कुठे असतात.

ऋतूंचंही तसंच. इन वर्षाचे सात ऋतू मानतं, आणि ते बेटावरच्या कामांवरून ठरलेले आहेत. मार्चमध्ये समुद्रावर वाहून येणाऱ्या बर्फाचा, जूनमध्ये मासेमारीच्या जागा धरण्याचा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोरांसारखी लहान रानफळं वेचण्याचा. पाहुण्याने कधी यावं आणि काय करावं हे त्यावरून ठरतं. नोव्हेंबरात आलेल्या पाहुण्याला कुणी रानफळं वेचायला नेत नाही. आकाश करडं असेल, वारा सोसाट्याचा असेल, तर तोच त्या दिवसाचा कार्यक्रम. पाहुण्याच्या मर्जीसाठी बेट आपलं वेळापत्रक मोडत नाही. महागड्या प्रवासात हे फार क्वचित घडतं, आणि मला तर इनमधली सर्वात आलिशान गोष्ट हीच वाटते.

या भेटीला बळ कशातून येतं? यजमानाचा मोबदला बिलातच धरलेला असतो. बक्षिशीची अपेक्षा नाही, जे मिळायचं ते दरातच आलेलं आहे. त्यामुळे दिवसभर हसून शेवटी पाहुण्याच्या हाताकडे बघायची वेळ येत नाही. इनची मालकी धर्मादाय संस्थेकडे आहे, कुणा गुंतवणूकदाराला परतावा जात नाही, शिल्लक बेटाच्या कामांत परत घातली जाते. यजमान जे दाखवतो त्यात त्याचा वाटा आहे, हे त्याला ठाऊक असतं. शिवाय बेटाला पाहुण्यांपलीकडे स्वतःचं आयुष्य आहे: खेकड्याचा हंगाम, सहकारी संस्था, चर्च, होड्यांची शर्यत. गाव फक्त पाहुण्यांवर जगायला लागलं की सगळे दिवस सारखे होतात. फोगोवर ते झालेलं नाही, कारण इन हा बेटाच्या अर्थव्यवस्थेचा एक भाग आहे आणि मासेमारी अजून तिथेच आहे.

बिस्किटाच्या पुड्यावरचं कोष्टक, बिलावर

खाण्याच्या पाकिटावर पोषणमूल्यांचं कोष्टक असतं, तसं कोष्टक शोरफास्टने पैशांसाठी तयार केलं आणि इनच्या एका रात्रीच्या दराला जोडलं. तुम्ही दिलेल्या पैशातला किती वाटा पगारांत गेला, किती अन्नधान्यात, किती कमिशनमध्ये, किती जाहिरातीत, किती शिल्लक राहिला. साधारण निम्मा भाग पगार आणि मजुरीत जातो. त्याखाली दुसरा तक्ता: हे पैसे कुठे गेले. जवळपास दोन तृतीयांश फोगो बेटावरच राहतात, उरलेल्यातले बहुतेक न्यूफाउंडलंड आणि कॅनडात, अगदी थोडे देशाबाहेर.

पर्यटनाच्या धंद्यात हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि विचारला तर उत्तर मिळत नाही. लांबच्या सुंदर ठिकाणी खर्च केलेल्या पैशातला बराचसा विमान कंपनी, साखळी हॉटेल, बुकिंगचं संकेतस्थळ आणि आयात केलेलं खाणं यांच्यामार्फत परत बाहेर जातो, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. फोगोने तो प्रवाह कागदावर आणला. कमिशनचा आकडा जाहीरपणे छापण्याला धाडस लागतं. पाहुण्याच्या हातात हा कागद आला की भेटीतली एक अवघड जागा मोकळी होते: मी देतोय ते समोरच्या माणसापर्यंत पोचतंय की नाही, हा संशय दोघांच्या मध्ये बसत नाही.

कुठे अडतं

या प्रकरणाचं कौतुक करताना त्याची बंधनं लपवणं चूक ठरेल. सुरुवातीचं भांडवल एका व्यक्तीच्या संपत्तीतून आणि सरकारी मदतीतून आलं. नफ्याची अपेक्षा न ठेवता इतका पैसा घालणारी झिटा कॉब प्रत्येक बेटाला मिळत नाही. ज्या गुंतवणूकदाराला काही वर्षांत पैसे परत हवेत तो आधी खोल्या वाढवेल, मग पगार कापेल आणि यजमानासोबतचा अर्धा दिवस दोन तासांवर आणेल. २९ हा आकडा टिकतो कारण परताव्याचा दबाव नाही.

दुसरं, या दरात बेटावरचा सामान्य माणूस पाहुणा म्हणून राहू शकत नाही. पाहुणा आणि यजमान यांच्यातली उत्पन्नाची दरी कोष्टकाने भरत नाही. ती मान्य करून, व्यवहार उघडा ठेवून, दोघांना एका गाडीत बसवता येतं, इतकंच. मला ते पुरेसं वाटतं, पण बरोबरीचा दावा यापुढे ताणू नये.

तिसरं, अवलंबित्व. २०२०च्या महासाथीत सीमा बंद झाल्या आणि इन बंद ठेवावं लागलं. दूरवरून विमानाने येणाऱ्या पाहुण्यावर चालणारं काम एका आठवड्यात थांबू शकतं, हे तेव्हा दिसलं. शोरफास्टने लाकूडकामाचा, कापडकामाचा आणि मासेविक्रीचा धागा वेगळा ठेवला आहे, तो याचसाठी महत्त्वाचा. हातदोरीने एकेक करून धरलेला कॉड बेटावरून चांगल्या उपाहारगृहांना विकला जातो आणि मच्छीमाराला त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त भाव दिला जातो. २०२४च्या जून महिन्यात केंद्र सरकारने उत्तरेकडच्या कॉडची व्यापारी मासेमारी १८ हजार टनांच्या मर्यादेत पुन्हा सुरू केली. शास्त्रज्ञ आणि संवर्धनवादी गटांनी त्यावर हरकत घेतली, कारण त्यांच्या मते साठा अजून नाजूक होता आणि मोठ्या ट्रॉलरांनाही वाटा मिळाला. १९६८ ज्यांच्या घरात आठवतं त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

सहल आखणाऱ्यासाठी

फोगोची नक्कल करणं शक्य नाही, पण त्यातून प्रश्न उचलता येतात. 'स्थानिक भेट' विकणाऱ्याला मी आता हे विचारीन. घर कुणाचं आहे? भेटणाऱ्या माणसाला पगार आहे की फक्त बक्षीस? आज भेटायचं नाही असं त्याने म्हटलं तर त्याचं काही बिघडतं का? काय दाखवायचं आणि काय नाही हे कोण ठरवतं? पाहुणे नसतील त्या महिन्यात तो काय करतो? माझ्या पैशातला किती भाग या गावात राहतो, आणि ते लिहून द्याल का?

शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतील. त्यांना फोगोचं कोष्टक दाखवावं आणि तसंच भरून मागावं. पहिल्यांदा आकडे अंदाजे आले तरी चालतील. दुसऱ्या वर्षी तेच कोष्टक पुन्हा मागायचं आणि गावात राहणारा वाटा वाढला की घटला ते बघायचं.